सर्कशीतली गोंदलेली बाई: तंबूत सांगितलेली गोष्ट आणि खरी बाई

लश्करवाली

नमस्कार मंडळी.

मी ग्वाल्हेरची, तिथल्या लश्कर भागात राहते. आमचा बायकांचा एक हौशी नाटकमंडळ आहे. मी वर्षानुवर्षं कपडेपट सांभाळते आणि यंदा लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेल्यामुळे लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. विषय मीच सुचवला होता, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सर्कशीच्या बाजूच्या तंबूत उभं राहून आपलं गोंदलेलं अंग दाखवणाऱ्या बायका, असा विषय आहे.

मला सापडलंय ते असं. मार्च १८८२ मध्ये नोरा हिल्डेब्रांट नावाची बाई न्यूयॉर्कला बनेलच्या म्युझियममध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. म्युझियम म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसलं नव्हे. दहा सेंट देऊन आत जायचं, आत बुटका माणूस, दाढीवाली बाई, तलवार गिळणारा, असा सगळा मामला. नोराची गोष्ट अशी, की तिला आणि तिच्या बापाला सिटिंग बुल या लाकोटा (अमेरिकेतल्या मूळच्या 'इंडियन') सरदाराच्या लोकांनी पकडलं, आणि "मुलीला गोंद, नाहीतर मारून टाकू" असं बापाला धमकावलं. बापाने रोज एक याप्रमाणे वर्षभर गोंदलं, म्हणून आकृत्या ३६५. त्यानंतर काही आठवड्यांतच आयरीन वुडवर्ड आली, 'ला बेल आयरीन' या नावाने. तिलाही बापानेच रानातल्या झोपडीत गोंदलेलं, आणि ते बघून इंडियन घाबरून पळाले म्हणे!

आता आमच्यात दोन तट पडलेत. काकू (म्हणजे आमच्या दिग्दर्शक, वय त्र्याहत्तर, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो) म्हणतात, "बाई खरी होती ना? मग खरं तेवढंच लिही. थापा लोक टीव्हीवर रोज बघतात." बाकीच्या मुलींना सिटिंग बुल हवाच आहे, कारण त्यात पिसांचा मुकुट आहे.

मला मात्र वेगळंच छळतंय. कपडेपटवाली असल्यामुळे फोटोत माझी नजर आधी कपड्यावर जाते. या बायकांचे पोशाख बघा. मांडीपर्यंतची चड्डी, बिनबाह्यांची चोळी, पाठ मोकळी. पण बऱ्याच जणींचं गोंदण मानेच्या खोबणीपाशी आणि मनगटावर थांबतं, वहीला समास आखावा तसं. वरून बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा झगा चढवला की बाजारात कुणाला पत्ता लागणार नाही. हे काही रानात बंदुकीच्या धाकाने झालेलं काम नव्हे. कुठे थांबायचं ते कुणीतरी आरशासमोर बसून ठरवलंय. हे ठरवणारी बाई मला हवी आहे, आणि ती कुठेच सापडत नाही. जिथे बघावं तिथे तीच जाहिरातीतली गोष्ट.

तर ग्वाल्हेरात बसून, फुकटात, खरं काय ते कुठे शोधायचं? आणि आपल्या सर्कशींत असलं कधी काही होतं का?

दप्तरखाना (वडोदरा)

ताई, विषय फर्मास आहे. मी आयुष्यभर जुनी कागदपत्रं लावण्याचं काम केलं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. सहन करा.

पहिली गोष्ट. नोराचा किस्सा तिचा नाहीच. तो उसना आहे. ऑलिव्ह ओटमन नावाची मुलगी होती. १८५१ मध्ये आजच्या ॲरिझोनात तिच्या कुटुंबावर हल्ला झाला, तिला पळवून नेलं, आणि पुढे ती मोहावे या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांकडे राहिली. १८५६ मध्ये परत आली तेव्हा हनुवटीवर निळ्या रेघा होत्या. मोहावे बायकांच्या हनुवटीवर असतात तशाच. पण १८५७ मध्ये एका पाद्र्याने तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्यात ती गुलामीची खूण झाली. पुस्तक तडाखेबंद खपलं. ऑलिव्हची व्याख्यानं झाली आणि गोंदलेली गोरी बाई म्हणजे पळवलेली बाई, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुरुषांतही तोच मसाला होता. कॅप्टन कॉस्टेंटेनस हा अमेरिकेतल्या बार्नम या सर्कसवाल्याच्या खेळात ३८८ आकृत्या दाखवायचा आणि त्या आपल्याला तातार मुलखात शिक्षा म्हणून गोंदल्या, असं सांगायचा.

दुसरी गोष्ट, तारखा शेजारी शेजारी मांडा. सिटिंग बुल शरण आला जुलै १८८१ मध्ये. नोरा रंगमंचावर आली मार्च १८८२ मध्ये. मधल्या काळात त्या माणसाचं नाव अमेरिकेतल्या प्रत्येक पेपरात होतं. म्हणजे गोष्ट रचणाऱ्याने ताजा पेपर उघडून नाव उचललं. बिचाऱ्या लाकोटांचा त्यात काडीचाही संबंध नाही. नोराच्या अंगावरच्या आकृत्या बघितल्या तरी कळतं, खलाशी आणि शिपाई करून घेत तसलं काम आहे. मार्टिन हिल्डेब्रांट खरोखरच नावाजलेला गोंदणारा होता, न्यूयॉर्कला दुकान होतं, यादवी युद्धात त्याने दोन्हीकडच्या सैनिकांना गोंदलं. पण तो तिचा बाप बहुतेक नव्हताच, दोघं नवराबायकोसारखे राहत असावेत असं अभ्यासकांचं मत आहे. तुमच्या काकूंना हे आवडेल, कारण 'खरं' जाहिरातीपेक्षा जास्त नाट्यमय निघालं.

आता कुठे शोधायचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं फुकट खुली केली आहेत, 'क्रॉनिकलिंग अमेरिका' नावाने. 'न्यूयॉर्क क्लिपर' हा तमासगिरांचा, म्हणजे तिथल्या खेळवाल्यांचा पेपर. तो इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात वाचायला मिळतो. बातमी सोडा, छोट्या जाहिराती वाचा. 'गोंदलेली बाई पाहिजे', 'गोंदलेली बाई मोकळी आहे' असल्या दोन ओळींत कुणी थापा मारत नाही, कारण समोरचा धंद्यातलाच असतो. 'बिलबोर्ड' १८९४ पासून निघतो आणि त्याच्या जुन्या अंकांत सर्कस आणि जत्रांची भरपूर माहिती असे. फिरत्या कलावंतांची टपाल त्यांच्या पत्त्यावर यायची आणि कुणाकुणाची पत्रं पडून आहेत त्याची यादी ते छापायचे. बाई एका गावात एका नावाने आणि पुढच्या गावात दुसऱ्याच नावाने उभी राहत असेल, पण पत्र मात्र आई ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने येतं!

जनगणना बघाल तर एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. १८९० ची पानं १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि नंतरच्या हयगयीत जवळजवळ सगळी गेली. म्हणजे १८८० नंतर एकदम १९००. आणि या बायकांचा बहर नेमका त्याच वीस वर्षांतला. म्हणून नवऱ्याच्या नावाने, लग्ननोंदणीतून, दुकानाच्या पत्त्यावरून आडवाटेने जायचं.

विस्कॉन्सिनमध्ये बॅराबू गावी सर्कस वर्ल्ड म्युझियम आहे, रिंगलिंग बंधू या बड्या सर्कसवाल्यांचं गाव ते. त्यांच्या ग्रंथालयाला नेमका प्रश्न लिहून पाठवा. 'नोराबद्दल काय आहे ते कळवा' असं विचारलंत तर कुणीही वैतागेल. नाव, साल आणि सर्कस, तिन्ही द्या.

सरळसोट

मोठी माणसं बोलतायत त्यात एक भाबडा प्रश्न. आपल्याकडे असल्या बाईचं तिकीट काढलं कुणी असतं? माझ्या पणजीच्या कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत गोंदण होतं. तिला बघायला कुणी दहा पैसे दिल्याचं ऐकिवात नाही.

छत्रे_तंबू (इंदूर)

सरळसोट, प्रश्न भाबडा नाही, मुद्द्याचा आहे. आपल्या सर्कशीचा जन्मच बघा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत खेळ सुरू केला तो कियारिनीची इटालियन सर्कस बघून, आणि घोड्यांच्या जिवावर. आणि ताई, घोड्याची विद्या ते तुमच्याच ग्वाल्हेरात शिकले. गाणंसुद्धा तिथलंच, हद्दू खाँसाहेबांकडचं. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना छत्र्यांनीच सांभाळलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. वाघाच्या डरकाळीनंतर ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल! आमच्या लोकांना अजब दाखवायचं तर हे अजब.

कुणीतरी आता दामू धोत्र्यांचं नाव काढेल म्हणून आधीच लिहितो. वाघसिंहांचे खेळ करणारे पुण्याचे दामू धोत्रे रिंगलिंगमध्ये गेले १९४० मध्ये. ताईंच्या बायकांपैकी बेटी ब्रॉडबेंट १९२७ मध्ये रिंगलिंगमध्ये आली होती. दोघांना एका तंबूत बसवायचा मोह झाला तर आवरा. लेखकांना हा रोग असतो.

लश्करवाली

दप्तरखाना काका, टपालाच्या यादीसाठी तुम्हाला साष्टांग नमस्कार. ती यादी वाचणारी बाई आता नाटकात येणार म्हणजे येणार. आणि सरळसोट, तुमच्या पणजीसाठी मी इथल्या इथे पूर्ण प्रवेश बदलला.

ग्वाल्हेरचा मेळा १९०५ पासून भरतो. माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला. लहानपणी आम्ही थंडीत शाली गुंडाळून जायचो, सर्कस, मौत का कुआँ, गाजराचा हलवा. आणि कडेला सतरंजीवर गोदनावाला, बॅटरीला लावलेलं घर्रघर्र मशीन आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले नमुने. मोर, विंचू, ॐ, आणि एक कोरी चौकट, तुमचं नाव घालायला. आमच्याकडे दूध घालायला यायच्या त्या रामकलीबाई तिथूनच नवऱ्याचं नाव गोंदवून आल्या होत्या. दंडावर आधीची 'सीता की रसोई' ही नक्षी होतीच, ती माहेरी सुईने केलेली, दिव्याच्या काजळीची, कडा पसरून हिरवट झालेली. त्या रांगेत उभ्या राहून तिकीट काढून सर्कस बघायच्या. त्यांच्यापुढे नोराला उभं केलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "किससे गुदवाया, और कितने लिए?"

मला वाटतं नोराचं सगळं बिंग या दोन प्रश्नांत फुटतं. तिकडे प्रेक्षकातली एकही बाई हे विचारू शकत नव्हती, कारण सभ्य बाईच्या अंगावर शाई असूच शकत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. म्हणून पळवून नेल्याची गोष्ट लागायची. बाईने आपणहून, पोटासाठी, ठरवून हे केलं असं म्हटलं तर ती वाईट चालीची. जबरदस्तीने झालं म्हटलं की बिचारी. बिचारीकडे टक लावून बघायला हरकत नसते! मांडीसुद्धा!

म्हणून काकूंना मी सांगितलंय, थाप राहणार. ती थाप म्हणजेच त्या बाईच्या नोकरीचा गणवेश आहे. नोरा ती प्रेक्षकांसमोर घडाघडा म्हणेल आणि पडद्यामागे आल्यावर रामकलीबाईंचे दोन प्रश्न तिला विचारले जातील. काकू "बघू" म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं "बघू" म्हणजे होकार.

निगेटिव्हवाला (इंदूर)

आमच्या आजोबांचा राजवाड्याजवळ फोटो स्टुडिओ होता. काचेच्या प्लेटांच्या पेट्या अजून माळ्यावर आहेत, म्हणून एक धंद्यातली गोष्ट सांगतो. त्या फोटोंवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

त्या काळच्या प्लेटला रंगांतला निळाच काय तो नीट दिसायचा. निळं तेवढं फोटोत उजळ यायचं आणि लाल काळं पडायचं. आता गोंदणाचा रंग कोणता? निळसर. गोऱ्या कातडीवरचं निळं गोंदण त्या प्लेटवर फिकट व्हायचं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण ओलं रसायन लावलेल्या जुन्या प्लेटांवर जवळजवळ गायबच होतं. मग या बायकांच्या कार्डांवर रेघा इतक्या ठसठशीत कशा? काही ठिकाणी हात मारलेला असतो, दुसरं काय.

हात कसा मारतात ते सांगतो. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की प्रिंटवर ती जागा उजळते. सुरकुत्या, देवीचे वण घालवायला आजोबा हेच करायचे, सगळ्या इंदूरच्या नवऱ्यामुली त्यांनी गोऱ्या केल्या. पण काळी रेघ हवी असेल तर पेन्सिल कामाची नाही. एकतर निगेटिव्ह सुरीच्या टोकाने खरवडायची, नाहीतर सरळ प्रिंटवर बारीक कुंचल्याने शाई. मोठ्या आकारातला स्कॅन उघडा आणि खांदा, कोपर, गुडघा बघा. खरं गोंदण अंगाच्या गोलाईबरोबर वळतं, कडेला दबतं. वरून काढलेली रेघ तशीच सपाट पुढे निघून जाते.

न्यूयॉर्कच्या बॉवरी भागात २२९ नंबरला चार्ल्स आयझनमन म्हणून फोटोग्राफर होता, साइड शोच्या मंडळींचे फोटो हीच त्याची खासियत. त्याचा मोठा संग्रह सिरॅक्यूज विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलाय. सव्वाचार बाय साडेसहा इंचांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले ते फोटो बाई खेळानंतर स्वतः विकायची. त्यामुळे पुठ्ठ्याची मागची बाजू आधी बघा. पत्ता, छपाईची तऱ्हा, कधी हाताने लिहिलेलं नाव. लोक चेहरा बघून साल सांगतात, पुठ्ठा जास्त खरं बोलतो.

दप्तरखाना (वडोदरा)

वा निगेटिव्हवाले. याला म्हणतात साक्ष तपासणं. ताई, एक पुरवणी. १८९१ मध्ये सॅम्युएल ओ'रायलीने विजेच्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवरून सुचलेलं. नोरा आणि आयरीन त्याच्या आधीच्या, म्हणजे हाताने टोचलेल्या. यंत्र आल्यावर पूर्ण अंग गोंदणं फार सोपं झालं, बायका वाढल्या आणि नुसतं गोंदण पुरेना. त्यामुळे पुढच्या बायकांत काहीतरी दुसरं लागलं. आर्टोरिया गिबन्सला बघा. खरं नाव ॲना, विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याघरची. नवरा रेड गिबन्स गोंदणारा. पाठीवर 'लास्ट सपर' म्हणजे येशूचं शेवटचं जेवण, बाकी अंगावर देवादिकांची चित्रं आणि छातीवर जॉर्ज वॉशिंग्टन. चर्चला जाणारी बाई. सिटिंग बुलची गरजच उरली नाही, आता कीर्तनाला आल्यासारखे लोक यायचे.

आणि मॉड वॅगनर राहिली. ती मुळात कसरतवाली, झुल्यावरची. १९०४ च्या सेंट लुइसच्या प्रदर्शनात गस वॅगनर भेटला. "माझ्याबरोबर फिरायला ये" म्हणाला, ही म्हणाली, "आधी गोंदायला शिकव." पुढे लग्न झालं आणि यंत्र बाजारात असूनही दोघं हातानेच गोंदत राहिली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला १९०७ चा तिचा फोटो 'मिसेस एम. स्टीव्हन्स वॅगनर' या नावाखाली आहे. 'मॉड' म्हणून शोधाल तर चुकाल. त्यांची मुलगी लहानपणापासून गोंदायला शिकली, आयुष्यभर तोच धंदा केला, पण स्वतःच्या अंगावर एक टिंब नाही! आईने बापाला मुलीला गोंदू दिलं नाही, आणि बाप गेल्यावर मुलगी म्हणाली, त्यांनी नाही तर कुणीच नाही.

सरळसोट

ही मॉडची मुलगी नाटकात घ्या हो. नोराला सोडा.

लश्करवाली

नाही सोडणार, नोरा पहिली आहे. पण मॉडच्या लेकीसाठी आमच्याकडे एक मुलगी आहे, पाठांतर शून्य आणि चेहरा असा की गप्प बसली तरी चालतं. तिला एकच वाक्य देते.

बेटी ब्रॉडबेंट मी मुद्दाम बाहेर ठेवतेय. ती फारच भन्नाट आहे. पाठीवर मदर मेरी आणि बाळ, पायावर विमानवीर लिंडबर्ग आणि मेक्सिकोचा बंडखोर पांचो व्हिला, आणि १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती सौंदर्यस्पर्धेत उभी राहिली, तीही टीव्हीवर! तिला आणलं की तीच नाटक खाऊन टाकेल.

आता माझा धंद्याचा प्रश्न. रंगमंचावर हे गोंदण दाखवायचं कसं? मुलींच्या अंगावर रोज रंगवत बसायला वेळ नाही, आणि एका मुलीच्या सासरी ते चालणारही नाही.

टाका_टीप (इंदूर)

हा माझा प्रांत. अंगावर रंगवू नका, घामाने दुसऱ्या प्रवेशात मोर वितळतो. नृत्याच्या कपड्यांच्या दुकानात कातडीच्या रंगाची ताणणारी जाळी मिळते. प्रत्येकीच्या हाताला लावून रंग जुळवून घ्या, एकाच थानातून सगळ्यांचं शिवू नका, कुणीतरी प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखी दिसेल. बाह्या आणि पाठ शिवून आधी अंगात घालायला लावा आणि अंगावर ताणलेल्या असतानाच चित्राच्या खुणा करा. सपाट टेबलावर काढलेला गरुड दंडावर चढला की कोंबडा होतो. रंग कापडाचा घ्या, पाणी कमी, कोरडा कुंचला, आणि मागे प्लॅस्टिक घाला, नाहीतर पुढचं चित्र पाठीवर उतरतं.

रंग निव्वळ काळा नको, काळ्यात निळा. आणि निगेटिव्हवाल्यांनी सांगितलं ना, तेच इथेही लागू. निळा प्रकाश टाकलात तर गोंदण जातं. तुमच्या प्रकाशवाल्याला रात्र म्हटली की निळा फिल्टर लावायची सवय असेल, त्याला दम द्या. तंबूतल्या प्रवेशाला पिवळा-लालसर ठेवा, रेघा काळ्याभोर उठतील.

कडा मनगटावर आणि मानेशी संपतात ते तुमच्या सोयीचंच आहे. तिथे जाळीची शिवण येते, त्यावरच शेवटची नक्षी काढा. आणि नोरा झगा काढते तो प्रसंग असेल तर झग्याला हूक लावू नका, जाळीत अडकतात. वेल्क्रोही नको, ओढताना आवाज होतो. बंद ठेवा, पुढे बांधायचे.

लश्करवाली

बंद! काकूंचा आग्रह हुकांचाच होता. आज संध्याकाळी तालमीला हे वाचून दाखवते. जाळी इथे मिळाली नाही तर तुमच्याकडून मागवेन, माप व्यक्तिगत निरोपाने पाठवते.